परिचर्या : सेवा आणि ज्ञान

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक व रोगी. परिचारकाच्या गुणांत उपचाराचे ज्ञान प्रथम येते. दक्षता, अनुराग व शुचिता त्यानंतर. मराठीत मात्र परिचर्येस ‘सेवा’ म्हणण्याची रूढी पडली आणि त्या शब्दाआड ज्ञानाचा अंश झाकला गेला.

या दृष्टीने नागपूरचा इतिहास उद्बोधक आहे. बालविधवा कमलाबाई होस्पेट यांनी प्रथम डफरिन रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेतले. त्यानंतर १९२१ मध्ये वेणूताई नेने यांच्या सहकार्याने सीताबर्डीवर चार खाटांचे प्रसूतिगृह काढून मातृसेवा संघ स्थापिला. मंगलप्रसंगी विधवेस दूर ठेवणाऱ्या समाजाने बाळंतिणीच्या खोलीत तिचाच हात विश्वासाचा मानला. हा अधिकार तिला शिक्षणाने मिळवून दिला. नाडी, ताप व रक्तस्राव यांचे अचूक निरीक्षण करणे आणि वैद्यास केव्हा पाचारण करावे हे ओळखणे केवळ ममतेने साधत नाही.

१९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद अधिनियमाने या शिक्षणास देशभर समान मानदंड देण्याची व्यवस्था केली. १९६१ मध्ये कमलाबाईंना ‘पद्मश्री’ लाभली. त्यांच्या कार्याची गणना बहुधा समाजसेवेत होते. ज्ञानपरंपरेच्या इतिहासातही तिला स्थान देणे इष्ट होय.