सर्पदंशविषयक आरोग्यशिक्षण
सर्पदंश टाळणे आणि दंश झाल्यास विनाविलंब रुग्णालय गाठणे, यांसाठी लोकांच्या नित्य वर्तनात बदल घडविण्याचा नियोजित प्रयत्न. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष मृत्यू झाले असावेत, असा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सर्पांच्या विषावर चालणारे प्रतिविष उपलब्ध असताना हे घडले. प्रश्न केवळ औषधाचा नाही, हे त्यावरून उघड होते.

सांगली जिल्ह्यातील, मोरणाकाठचे शिराळा (बत्तीस शिराळा) हे गाव या दृष्टीने उद्‌बोधक आहे. गोरक्षनाथांशी निगडित आख्यायिकेनुसार येथे नागपंचमीस मातीच्या नागाऐवजी जिवंत नाग पूजिला जाई. सणापूर्वी नाग पकडून मडक्यांत ठेवीत. अंबामातेच्या मंदिरात पूजा, मिरवणूक व स्पर्धा झाल्यावर त्यांना रानात सोडीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने नाग पकडण्यावर निर्बंध आले, तरी प्रथा चालूच राहिली. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर २०१४ च्या सुमारास ती थांबली व प्रतिमापूजन रूढ झाले. २०२५ मध्ये केंद्र शासनाने शैक्षणिक प्रयोजनासाठी २१ नाग पकडण्यास अनुमती दिली.

अशा गावात ‘साप विषारी असतो’ एवढेच सांगणाऱ्या व्याख्यानाचा उपयोग काय? सापाची ओळख येथे पिढीजात आहे. शिवाय फणा काढणारा नाग निदान दिसतो तरी. मण्यार रात्री, जमिनीवर निजलेल्या माणसास दंश करते. वेदना नाममात्र, खूणही क्वचितच दिसते. पोटदुखी, पापण्या जड होणे ही लक्षणे उमटेपर्यंत बहुमोल वेळ गेलेला असतो आणि पुढे श्वसन बंद पडते. नागाविषयीची श्रद्धा वा भीती येथे कामी येत नाही; खाट, नीट खोचलेली मच्छरदाणी व विजेरी कामी येतात.

माहिती आणि कृती यांतील हे अंतर वर्तनविज्ञानाने अभ्यासिले. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत क्षयाच्या मोफत क्ष-किरण तपासणीसही लोक का येत नाहीत, याचा शोध हॉखबाउम, रोझेनस्टॉक प्रभृतींनी घेतला. धोका आपल्यालाही आहे असे वाटणे, उपायाचा लाभ पटणे आणि त्यातील अडचणी पेलण्याजोग्या असणे, यांवर कृती अवलंबून असते, असे त्यांनी मांडले. पुढे लॉरेन्स ग्रीन यांनी नियोजनाची दिशाच उलटी केली : आधी इष्ट परिणाम ठरवावा, मग त्याआड येणारे वर्तन, आणि त्यानंतर त्या वर्तनामागील समजुती, साधनांची उणीव व भोवतालच्यांचा पाठिंबा पाहावा. शेतमजुराला दवाखाना ठाऊक असतो. रात्री वाहन नसते म्हणून तो मांत्रिकाकडे जातो. तेथे भित्तिपत्रकापेक्षा वाहनाची सोय अधिक शिकविते.

मूल्यमापनात व्याख्यानांची वा श्रोत्यांची संख्या मोजणे सोपे, म्हणून तेच बहुधा केले जाते. खरे मोजमाप दंशापासून रुग्णालयापर्यंत गेलेल्या वेळेचे, दोरी आवळण्याच्या वा जखम कापण्याच्या घटत्या प्रकारांचे व अखेर मृत्यूंचे होय. शिक्षणानंतर रुग्णालयातील सर्पदंशाची नोंद वाढलेली दिसते, ती बरेचदा पूर्वी मांत्रिकाकडे जाणारे रुग्ण आता येऊ लागल्याने. तिला अपयश समजू नये. तुलनेसाठी कार्यक्रम नसलेली गावेही हवीत. नवजात बालकांच्या घरगुती उपचारांचा अभ्यास करताना गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांची ४७ गावांशी तुलना केली होती. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या भारताच्या सर्पदंशविषयक कृती आराखड्यात २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट असल्याने, आरंभीची विश्वसनीय नोंद ही त्याची पहिली गरज ठरते.