आधी कापूस, मग सोनं

मुंबईच्या गोदीत १९४४ साली एका बोटीचा स्फोट झाला; त्याची गोष्ट आमची आजी सोन्यापासून सुरू करायची. बोटीवरची सोन्याची वीट उडाली ती थेट एका पारशाच्या घरात पडली, आणि त्या भल्या माणसानं ती सरकारला परत केली, असं ती सांगायची. हे खरंच आहे. त्या बोटीवर सोन्याच्या १२४ विटा होत्या, एकेक वीट १२ किलोंहून जड. कितीतरी वर्षांनंतरही बंदरातला गाळ काढताना त्यांतल्या काही सापडल्या.

आजोबा मात्र कापसापासून सुरू करत. ते गोदीत हमालांच्या टोळीचे मुकादम होते. "कापूस आन् दारूगोळा एका फाळक्यात कुनी ठिवतं का रं?" हा त्यांचा प्रश्न; फाळका म्हणजे बोटीतला माल ठेवायचा कप्पा. वय झालं तरी तो विचारताना त्यांचा आवाज चढायचा.

ती बोट म्हणजे 'फोर्ट स्टिकिन', १९४२ साली कॅनडात बांधलेली मालवाहू बोट. युद्धाच्या घाईत तिथे अशा बोटी एकामागून एक पाण्यात उतरत होत्या. फेब्रुवारी १९४४ मध्ये ती इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघाली, तेव्हा तिच्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती. कराचीला काही माल उतरला आणि रिकाम्या जागेत कापसाच्या ८,७०० गाठी भरल्या गेल्या, तेलाची पिंपंही चढली. कप्तानाने हरकत घेतली होती, पण युद्धात बोटीची जागा वाया घालवायची नाही, असा हुकूम होता. १२ एप्रिलला ती मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकात लागली. स्फोटकांच्या बोटीवर लाल बावटा लागतो, तो हिच्यावर नव्हता.

१४ एप्रिलला दुपारी कामगार जेवून परतले, तर दोन नंबरच्या फाळक्यातून धूर निघत होता. बंबवाले आले, नळ सोडले. पाणी शेकडो टन ओतलं, पण आगीचं मूळ गाठींच्या थरांत कुठं आहे ते दिसेना. बोटीच्या कुशीचा पत्रा एका जागी इतका तापला की त्यावरचा रंग वितळू लागला. तिथं भोक पाडायचा प्रयत्न झाला, तोही फसला. बोट खोल पाण्यात ओढून नेण्याचा किंवा बुडवण्याचा निर्णय वेळेवर झाला नाही. मला हाच सगळ्यात मोठा गुन्हा वाटतो.

चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. सिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा नोंदला गेला. 'जलपद्म' नावाची बोट उचलली जाऊन धक्क्यावर आदळली. आजोबांची टोळी त्या दिवशी अलेक्झांड्रा डॉकात होती म्हणून ते वाचले. मांडवीकडे आग पसरली, जपान्यांनी बॉम्ब टाकले अशी आवई उठली, आणि माणसं मिळेल त्या गाडीनं गावाकडे पळाली. सरकारने मात्र बातमी दाबली. इथल्या वर्तमानपत्रांना सविस्तर छापायला मे महिना उजाडला.

अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो त्यांच्यासाठी, आणि ते योग्यच आहे. पण एकूण मेलेल्यांचा आकडा कुणी ८०० सांगतं, कुणी १,३०० च्या वर. या फरकात साताऱ्याचे, कोकणचे, पोटासाठी आलेले किती हमाल असतील! त्यांची हजेरी मुकादमाच्या वहीत असायची, आणि वह्या शेडांबरोबर जळाल्या, असं आजोबा सांगत. आपल्या टोळीतून त्या दिवशी दुसरीकडे बदली गेलेल्या आणि परत न आलेल्या चौघांची नावं ते गावासकट घ्यायचे.

ती नावं मी लिहून ठेवली आहेत. तुमच्याही घरी गोदीत गेलेल्या कुणाचं नाव अजून घेतलं जात असेल, तर ते गावासकट लिहून ठेवा.