डॅटसन २४०झेड : ब्रेकची सुधारणा आणि समतोल

निस्सान कंपनीने १९६९च्या अखेरीस बाजारात आणलेली डॅटसन २४०झेड ही दोन आसनी स्पोर्ट्स गाडी जपानमध्ये ‘फेअरलेडी झेड’ नावाने विकली गेली. सहा सिलिंडरचे २,३९३ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि एक टनाहून थोडे अधिक वजन. कारखान्यातून तिला पुढे दोन पिस्टनचे कॅलिपर व सलग बिडाच्या डिस्क, तर मागे पाती असलेले ॲल्युमिनियमचे ड्रम मिळत. हे ब्रेक बदलणे हा जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा, विशेषतः अमेरिकेतल्या, आवडता उद्योग आहे.

मुळात ते ब्रेक वाईट नव्हते. पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली या गाडीने १९७१ आणि १९७३ अशी दोनदा जिंकली. दुसऱ्या वेळी स्टिअरिंगवर भारतीय वंशाचा शेखर मेहता होता. अर्थात रॅलीची गाडी कंपनीच सजवते. सामान्य मालकाची तक्रार वेगळी असते: घाटात सलग ब्रेक दाबले की डिस्क तापतात आणि पेडल पायाला उत्तर देईनासे होते.

गाडी थांबवतो तो शेवटी टायर. चाक जाम करण्याची ताकद ब्रेकमध्ये आधीच असेल, तर मोठ्या कॅलिपरने थांबण्याचे अंतर फारसे घटत नाही. मोठी डिस्क उष्णता अधिक झेलते, हा तिचा खरा फायदा. शिवाय ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो. गाडी १,०५० किलोची, चाकांमधले अंतर २.३ मीटर आणि गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच धरला, तर जोरात ब्रेक लावताना सुमारे १८० किलो भार मागून पुढे जातो. मागची चाके हलकी होतात. ती पुढच्यांच्या आधी जाम झाली, की गाडी गर्रकन फिरते.

सर्वांत लोकप्रिय बदल चक्क एका पिकअपकडून उसना घेतलेला आहे. टोयोटा हायलक्सच्या चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या जुन्या मॉडेलचे चार पिस्टनचे कॅलिपर झेडच्या भोकांवर जवळपास जसेच्या तसे बसतात. डिस्कमागचा पत्रा तेवढा कापावा किंवा वाकवावा लागतो. स्वस्तात काम होते म्हणून हुरळून जाणारे पुष्कळ. पण पिस्टनचे क्षेत्र वाढले की त्यांना ऑइल जास्त लागते आणि पेडल खोल जाते. म्हणून ७/८ इंची मास्टर सिलिंडर काढून याच मालिकेतल्या नंतरच्या २८०झेडएक्स गाडीचा १५/१६ इंची बसवतात. त्याचे क्षेत्र सुमारे १५ टक्के मोठे, त्यामुळे पेडल उंच आणि कडक होते. मात्र तेवढाच दाब हवा असेल, तर पायालाही १५ टक्के जास्त जोर लावावा लागतो.

मागची बाजू अधिक अवघड. ड्रममधला पुढचा शू फिरत्या चाकाबरोबर ओढला जाऊन आपोआप घट्ट बसतो. डिस्कला ही फुकटची मदत नसते. त्यामुळे मागे २८०झेडएक्सचे कॅलिपर बसवणाऱ्याला दिसायला भारी, पण कामाला ड्रमपेक्षा सरस नसलेला ब्रेक मिळू शकतो. हॅन्डब्रेकची यंत्रणा त्या कॅलिपरमध्येच असते, ही जमेची बाजू.

समतोल साधायला मागच्या नळीवर फिरवता येणारा व्हॉल्व्ह घालतात. ठरावीक दाबानंतर तो मागचा दाब हळू वाढू देतो. तो मागचा ब्रेक कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. मागे मुळातच जोर कमी असेल, तर व्हॉल्व्ह कितीही फिरवा, उपयोग शून्य. कारखान्याचा जुना व्हॉल्व्ह तसाच ठेवला, तर दोघे मिळून मागचा ब्रेक आणखी दाबून टाकतात. जुळवणी मोकळ्या, कोरड्या जागेत करावी: कमी वेगापासून सुरुवात, बाहेर एकाने चाकांवर नजर ठेवायची आणि पुढची चाके आधी जाम होतील अशी चावी ठरवायची. टायर किंवा पॅड बदलले, की पुन्हा तोच खटाटोप.

रस्त्यावरच्या झेडला एवढ्या उठाठेवीची गरज क्वचितच पडते. चांगले पॅड, नवे रबरी होस, नीट जुळवलेले ड्रम आणि ताजे ऑइल यांनीच निम्म्याहून अधिक तक्रारी मिटतात. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते. हवेतले पाणी शोषून जुने झाले, की ही मर्यादा १५५पर्यंत उतरते.