दौरा साहेबाचा, खर्च कोणाचा?

श्रोतेहो, गावात एखादी गाडी येते. पाठीमागे धुरळा, पुढे चपराशी. साहेब उतरतात, शाळेच्या पडवीत खुर्च्या मांडल्या जातात, कोणी चहा सांगायला धावतो, कोणी घरची कोंबडी पकडायला निघतो. दोन तासांनी गाडी निघून जाते. मग गुरुजी चहावाल्याला पैसे देतात आणि कोंबडीचे पैसे कोणीच देत नाही. हे तुम्ही कधीतरी पाहिले असेल, निदान वडिलांच्या तोंडून ऐकले तरी असेल.

आज मी तुम्हांला या चहाचा आणि कोंबडीचा इतिहास सांगणार आहे. कचेरीच्या भाषेत याला 'प्रवासभत्ता' म्हणतात. कंपन्यांत याच कामासाठी प्रवासाचे आणि खर्चाचे नियम असतात. विषय रुक्ष वाटेल. पण हा नियम जेव्हा जेव्हा नीट केला नाही किंवा पाळला नाही, तेव्हा त्याचा पैसा गरिबाच्या घरून गेला आहे. जवळजवळ दोन हजार वर्षांचे कागद, ताम्रपट आणि शिलालेख हेच सांगतात.

सुरुवात आपल्या विदर्भापासूनच करू. पाचव्या शतकात इथे वाकाटक राजे राज्य करीत होते. त्यांच्यापैकी दुसऱ्या प्रवरसेनाचा एक ताम्रपट अचलपूरजवळच्या चम्मक गावी सापडला. राजाने हे गाव ब्राह्मणांना दान दिले आणि गावाला कोणकोणत्या गोष्टींची माफी आहे, हे त्यात लिहून ठेवले. या गावात राजाचे शिपाई शिरणार नाहीत. गावाला बैल पुरवावे लागणार नाहीत, फुले आणि दूध द्यावे लागणार नाही. गवत, बसायला कातडी आणि कोळसाही द्यावा लागणार नाही. कोणत्याही प्रकारची वेठ गावावर राहणार नाही. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या ओळींचा अर्थ उलगडून दाखवला: गवत, कातडी आणि कोळसा या फिरतीवर आलेल्या राजपुरुषांना गावाने पुरवायच्या वस्तू होत्या.

आता जरा विचार करा. माफी कोणाला मिळते? ज्याच्यावर ओझे असते त्याला. एका गावाला माफी दिली याचा अर्थ, ज्या गावांना ताम्रपट मिळाला नव्हता त्यांच्याकडून हे सारे घेतले जात होते. घोड्याला गवत, साहेबाला आसन, चुलीला कोळसा. राजाच्या खजिन्यातून एक नाणेही न जाता अधिकाऱ्याचा दौरा होत असे. तो खर्च गाव भरीत असे.

मग सगळेच राजे असे होते काय? नाही. गुजरातेत जुनागढला, गिरनारच्या पायथ्याशी एक मोठी शिळा आहे. तिच्यावर महाक्षत्रप रुद्रदामन याचा, इसवी सन १५० च्या सुमाराचा लेख आहे. वादळी पावसाने सुदर्शन तलावाचा बांध फुटला, तो राजाने पुन्हा बांधवला. लेखात तो मोठ्या अभिमानाने सांगतो, की कर, वेठ किंवा 'खुशी'ची वर्गणी यांनी लोकांना न पिडता आपण आपल्या खजिन्यातून हे काम केले. एका राजाला हे दगडावर कोरून सांगावेसे वाटले, यावरूनच ही गोष्ट किती दुर्मिळ होती ते कळते.

त्या काळी नियम करायची अक्कल नव्हती, असेही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दूताचा दर ठरवून दिलेला आहे. मध्यम प्रतीच्या दूताला दर योजनेला दहा पण, आणि दहा योजनांच्या पुढे, शंभर योजनांपर्यंत, दुप्पट. म्हणजे अंतर मोजा, दर लावा, पैसे द्या. लांब जाणाऱ्याला जास्त द्या, कारण लांबच्या मुलखात त्याला ओळखीचे घर नसते. पैसे कमी पडले, की तो हात पसरतो किंवा हात उगारतो. आजच्या कंपनीच्या नियमात याहून वेगळे काय असते?

आता आपल्या महाराष्ट्रातला सर्वांत मोठा दाखला घेऊ. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांचे घोडदळ पावसाळ्यासाठी चिपळूणच्या बाजूला छावणी करून होते. त्या छावणीतल्या अंमलदारांना महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्यातला आशय असा. दाणा-वैरण मोठ्या कष्टाने जमवली आहे, ती बेताबेताने वापरा. आज उधळाल तर भर पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूड, कोणी भाजीपाला. असे झाले तर उरलासुरला कुणबी घर सोडून जाईल, आणि लोकांना वाटेल की मोगल परवडले. तुम्हांला पगार मिळतो. जे हवे ते बाजारात जाऊन विकत घ्या. रात्री दिवा नीट सांभाळा, नाही तर उंदीर पेटती वात नेईल आणि गंजीला आग लागेल, हेही त्याच पत्रात आहे.

श्रोतेहो, हा राजा केवळ दया करा म्हणत नाही. आधी पगार देतो, आधी साठा करतो, हिशेबाने वापरा म्हणतो, आणि मगच गावाला हात लावू नका असे बजावतो. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. रिकाम्या खिशाने माणसाला फिरतीवर पाठवायचे आणि वर प्रामाणिकपणाचा उपदेश करायचा, हे त्यांनी केले नाही.

पुढे पेशवाईच्या कागदांत 'मसाला' नावाचा शब्द येतो. हा भाजीतला मसाला नव्हे. सरकारचा शिपाई बोलावणे घेऊन एखाद्याच्या दारी गेला, की त्याच्या येण्याजाण्याची रक्कम ज्याच्या दारी तो गेला त्यानेच द्यायची, त्याला मसाला म्हणत. म्हणजे सरकार माणूस पाठवणार आणि भाडे तुम्ही भरणार! रक्कम लिहिलेली असे, नियम होता. पण तो उलट्या टोकाने लिहिलेला होता.

मग आली कंपनी. ईस्ट इंडिया कंपनी ही खरोखरीची व्यापारी कंपनी, तेव्हा तिच्या नोकरांच्या खर्चाचे प्रश्नही कंपनीचेच. तिच्या लष्करी अधिकाऱ्यांना मोहिमेवर जादा रक्कम मिळे; इंग्रजी कागदांत ती 'बट्टा' म्हणून येते, आपल्या भत्त्याचाच तो भाऊ. १७५७ साली प्लासीची लढाई झाली. नंतर बंगालचा नबाब मीर जाफर याने हा भत्ता दुप्पट केला. पैसा नबाबाचा, म्हणजे शेवटी बंगालच्या रयतेचा. काही वर्षांनी हा बोजा कंपनीवर आला, तेव्हा संचालकांनी तो बंद करायला सांगितले, आणि क्लाइव्हने १७६६ च्या जानेवारीपासून तो बंद केला. झाले! मे महिन्यात गोऱ्या अधिकाऱ्यांनी संगनमत करून राजीनामे दिले. क्लाइव्हने मद्रासहून दुसरे अधिकारी मागवून ते बंड मोडले. दुसऱ्याच्या पैशाने मिळालेली सवलत थोड्याच वर्षांत हक्क कशी वाटू लागते, याचा हा धडा आहे.

कंपनीच्या मुलकी नोकरांची गोष्ट याहून वाईट होती. पगार तुटपुंजा, आणि खाजगी व्यापार व भेटी मात्र मुबलक. १७८६ साली आलेल्या कॉर्नवॉलिसने पगार वाढवले आणि खाजगी व्यापाराला मनाई केली. पगार कमी ठेवून कंपनीने जे वाचवले होते, ते तिचे नोकर मुलखातून कितीतरी पटींनी वसूल करीत होते, हे उमजायला कंपनीला बरीच वर्षे लागली.

पगार वाढले तरी डोंगराळ मुलखात साहेबाचे ओझे गावाच्याच डोक्यावर राहिले. हिमालयातल्या कुमाऊँमध्ये गावोगाव हमालांच्या नोंदवह्या असत. साहेबाचा तंबू उचलायला कोणी जायचे, ते त्या वहीवरून ठरे. शिधाही गावाने फुकट पुरवायचा. १९२१ च्या मकरसंक्रांतीला बागेश्वरच्या जत्रेत लोक जमले आणि बद्रीदत्त पांडे यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने त्या वह्या त्यांनी शरयू नदीत सोडून दिल्या. पुन्हा कोणी फुकट ओझे वाहणार नाही, अशी शपथ घेतली, आणि ती प्रथा संपली.

आता आपल्या कोरपन्याकडे या. आज आपण चंद्रपूर जिल्ह्यात आहोत, पण हा राजुऱ्याकडचा मुलूख जुन्या निजामी राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्याचा. १९५६ साली तो नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्याला जोडला गेला. त्या निजामी मुलखात तेलंगणाच्या बाजूला 'वेट्टी' म्हणत, आपण 'वेठ' म्हणतो. दोन्ही शब्द एकाच घरचे. अधिकारी दौऱ्यावर आला, की बंडी, दूध, कोंबडी, लाकूडफाटा, आणि ओझ्याला माणूस. रानातल्या गोंड-कोलामांवर तर जंगलाच्या शिपायापासून पटवाऱ्यापर्यंत साऱ्यांचा हात पडे. जमिनीचा आणि जंगलाचा जाच असह्य झाला, तेव्हा आसिफाबादच्या डोंगरात कुमराम भीमू उभा राहिला आणि १९४० साली जोडेघाटला पोलिसांच्या गोळीला बळी पडला. त्यानंतर निजाम सरकारने फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करायला सांगितले. खालच्या नोकरांची ही बेकायदा वसुली त्याने नोंदवून ठेवली. गुरुजनांना ऐकून आनंद होईल, की त्याच प्रयत्नातून १९४३ साली मारलवाईला गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले आणि गोंडी वाचनमाला देवनागरी अक्षरांत छापली गेली. वाचता आले की पावतीवरचा आकडाही वाचता येतो.

२६ जानेवारी १९५० ला आपली राज्यघटना अमलात आली. तिच्या २३ व्या अनुच्छेदाने बिगारीला मनाई केली. वाकाटकांनी जी माफी निवडक गावांना दिली होती, ती घटनेने प्रत्येक गावाला दिली.

मग प्रश्न संपला काय? नाही. १९८० च्या दशकापासून आपल्या तालुक्यात गडचांदूर, आवारपूर, उपरवाही इकडे चुनखडीवर सिमेंटचे कारखाने उभे राहिले. हजारो माणसे कंपन्यांत, ठेकेदारांकडे आणि सरकारी खात्यांत नोकरीला आहेत आणि कामासाठी फिरत आहेत. तुमची मुलेही उद्या अशा कचेरीत बसून नियम लिहितील. इतिहासाने त्यांना काय सांगावे?

पहिली गोष्ट, माणूस निघण्याआधी त्याच्या हातात तसलमात द्या. दुसरी, दर खरा ठेवा आणि महागाईबरोबर बदला. शंभर रुपयांच्या जेवणाला चाळीस मंजूर केले, तर उरलेले साठ तो खोट्या बिलातून काढील, नाही तर दुसऱ्याच्या ताटातून. तिसरी, जागच्या जागी पैसे द्यावेत आणि पावती घ्यावी. जिथे टपरीवाल्याकडे पावती नसते, तिथे लहान रकमेसाठी प्रवाशाची सही पुरे समजावी, पण रक्कम, जागा आणि तारीख त्याने लिहावी. चौथी, साहेबाच्या मुक्कामाबरोबर ड्रायव्हरच्या मुक्कामाचाही नियम असावा. साहेब विश्रामगृहात आणि ड्रायव्हर गाडीत, हा नियम नव्हे. पाचवी, ज्याच्याकडे तपासणीला जायचे त्याचा पाहुणचार घेऊ नये. आणि सहावी, बिल देण्याची मुदत नोकराला जशी असते, तशीच ते चुकवण्याची मुदत कचेरीलाही असावी.

ही सहावी गोष्ट गुरुजी लोकांना विशेष समजेल. प्रशिक्षणाला चंद्रपूरला जायचे, निवडणुकीच्या कामाला दूरच्या खेड्यात जायचे. एसटीचे भाडे खिशातून, आणि बिल कुठल्या तरी टेबलावर महिनोन्‌महिने पडून. थकलेला भत्ता म्हणजे नोकराने सरकारला दिलेले बिनव्याजी कर्ज. गावाकडून घेतलेला शिधा आणि गुरुजींच्या खिशातले भाडे यांत जातीचा फरक नाही. काम एकाचे, खर्च दुसऱ्याचा, हेच दोन्हीकडे.

तेव्हा श्रोतेहो, प्रवासाचा नियम चांगला की वाईट हे ठरवायची एक सोपी कसोटी आहे. नियम हातात घ्या आणि ज्याच्या दारी गाडी थांबते, त्याच्या जागी उभे राहून तो वाचा. गाडी गेल्यावर त्याच्या घरातले काही कमी झाले नसेल, आणि गाडीत बसलेल्या लहान नोकराच्या खिशातलेही काही कमी झाले नसेल, तर नियम चांगला.

आणि उद्या तुमच्या शाळेत कोणी पाहुणे आले, तर चहा जरूर द्या. पाहुण्याला चहा देणे हा आपला धर्मच आहे. पण तो चहा तुमच्या इच्छेचा असावा. पाहुण्याने पैसे पुढे केले, तर संकोच न करता घ्या, आणि मुलांना त्याचे कारण समजावून सांगा.