धाबे, स्लॅब आणि सावली

विसाव्या शतकाच्या मध्यावर आलेल्या आधुनिक घराची पहिली खूण म्हणजे सपाट छप्पर. कोकणात ते उपरे वाटले, राहुरीच्या पट्ट्यात मात्र नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या मुळा नदीकाठच्या मुलखात वर्षाकाठी पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपासच पडतो. त्यामुळे धाब्याचे घर, म्हणजेच माळवद, इथे पूर्वापार होते.

धाब्याची घडण साधी, पण वजनदार. दगडमातीच्या हातभर जाड भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया आणि सर. सरांवर किलचन, म्हणजे लाकडाच्या चिरफळ्या, दाटीवाटीने अंथरायचे, त्यावर पालापाचोळ्याचा थर द्यायचा आणि वर माती चोपून पन्हळीकडे किंचित उतार ठेवायचा. उजेडासाठी आणि चुलीच्या धुरासाठी छतातच सवणे असे. सर्वांत वरच्या थराला खारी किंवा चोपण माती लागे. ती ओली झाली की फुगते, तिचे बारीक कण भेगा बुजवतात आणि पाणी खाली झिरपत नाही. कालव्याच्या बेसुमार पाण्याने उसाच्या रानात हीच चोपण वाढली, की शेतकरी कपाळाला हात लावतो! छपरावर मात्र तिची किंमत होती. दरवर्षी मृगाआधी नवा थर देणे हे घरातल्यांचेच काम. ते चुकले की पावसाळ्यात घर गळायचे.

1926 मध्ये भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी उसाला बळ आले. 1950 मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पुढे राहुरीचाही. त्याच्याभोवतीच्या वस्तीचे नावच ‘राहुरी फॅक्टरी’ पडले. 1968 मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले. उसाचा पैसा आणि पगारदार नोकरी यांच्यामागोमाग विटा, सिमेंट आणि सळई आली. चांगले लाकूड महागले होते आणि दरवर्षी छपरावर माती चढवायला कोणी मोकळे नव्हते. मग धाब्याच्या जागी काँक्रीटचा स्लॅब आला.

या बांधणीमागचा विचार दुरून आला होता. वास्तुकार ल कॉर्बुझिए याने 1920 च्या दशकातच सपाट गच्ची, खांबांवर तोललेले घर आणि भाररहित भिंती यांचा पुरस्कार केला होता. भारतात हा विचार रुजवणाऱ्यांत अच्युत कानविंदे हे ठळक मराठी नाव. 1916 मध्ये कोकणातल्या आचऱ्यात, म्हणजे उतरत्या कौलांच्या मुलखात, जन्मलेले कानविंदे मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि पुढे हार्वर्डला वास्तुकार वॉल्टर ग्रोपियस यांचे विद्यार्थी झाले. अहमदाबादची ‘अटिरा’ ही वस्त्रोद्योग संशोधन संस्था आणि आयआयटी कानपूर ही त्यांची कामे. अनाठायी सजावट नाही, वीट आणि काँक्रीट उघडे, उजेड-वाऱ्याचा हिशेब आधी, अशी ही शैली. गावोगावच्या गवंड्यांपर्यंत ती पोचली ती छज्जा, सिमेंटची जाळी, मोझॅकची फरशी आणि लांबट खिडकी एवढ्या रूपात.

पण दोन सपाट छपरांचे काम सारखे नाही. धाब्यावरची जाड माती दिवसभराचे ऊन सावकाश पिते आणि खालची खोली गार राहते. चार-पाच इंचांचा स्लॅब दुपारीच तापतो व रात्री तीच उष्णता खोलीत सोडतो. जाडी गेल्यावर उरला एकच उपाय, तो म्हणजे सावली. कॉर्बुझिएने अहमदाबादच्या शोधन व्हिलावर, 1956 पर्यंत पूर्ण झालेल्या घरावर, खोल्यांच्या वर मोकळी जागा सोडून दुसरे छप्पर घातले ते याचसाठी. खिडक्यांपुढे काँक्रीटचे खोल कप्पे आले तेही ऊन अडवायलाच. साध्या घरात ती ऐपत नव्हती. तिथे छज्जे दीड-दोन फुटांवर थांबले आणि गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आला. कोब्याने पाण्याला उतार मिळतो आणि स्लॅबची थोडी जाडीही वाढते. अलीकडे अनेक गच्च्यांवर लोखंडी खांब रोवून पत्र्याची शेड घातली जाते. गळती आणि ऊन दोन्ही अडवणारे हे दुसरे छप्पर घरमालक वेल्डरकडून परस्पर करून घेतो, आर्किटेक्टला विचारतही नाही.

धाबी जुन्या गावठाणांत अजून दिसतात. बऱ्याच ठिकाणी माती उतरवून वर पत्रा टाकलेला असतो, भिंती आणि तुळया मात्र जुन्याच. अशा घरांत सवणे बुजलेले असते आणि दुपारचा उकाडा स्लॅबच्या घरापेक्षाही जास्त.