आंब्यावरची परकी मोहर

रांगण्याचा डोंगर ओलांडून खाली उतरले की सिंधुदुर्ग लागतो. तिकडचा हापूस आपण हातात घेतो, देठाशी वास घेतो आणि भाव करतो. आपली परीक्षा एवढीच. परंतु हाच आंबा समुद्रापार जावयाचा तर त्याला परक्याच्या परीक्षेस बसावे लागते. त्या परीक्षेचा इतिहास आज सांगावयाचा आहे. आम्ही शाळा थोडी शिकलो. बाकीचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. तेव्हा हा इतिहास आम्ही मजुराच्या बाजूने वाचला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

अमेरिकेने १९८९ मध्ये भारतीय आंब्याला दार बंद केले. कारण फळमाशी आणि कोयीतील भुंगा. ही भीती खोटी नव्हती. कोयीत दडलेली कीड फळ चिरल्यावाचून दिसत नाही. यावर उपाय निघाला तो आपल्याच घरी. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये नाशिक जिल्ह्यातील लासलगावी ‘कृषक’ हे केंद्र उभारले होते. तेथे कोबाल्ट-६० च्या किरणांची किमान ४०० ग्रे एवढी मात्रा आंब्याला दिली की किडीची पुढची पिढी निपजत नाही.

शास्त्र तयार होते. तरी दार उघडण्यास सौद्याची बैठक लागली. मार्च २००६ मध्ये अध्यक्ष बुश भारतात आले तेव्हा आंब्याची गोष्ट निघाली. इकडे धुराच्या आपल्या नियमांमुळे अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकली अडल्या होत्या. २००७ मध्ये आंबा तिकडे गेला आणि त्याच वर्षी त्या गाड्यांना इकडे वाट मिळाली. म्हणजे दाखला अडला दोन्हीकडे, आणि सुटला तोही दोन्हीकडे.

परंतु किल्ली कोणाच्या हाती राहिली? किरणे देताना अमेरिकेचा निरीक्षक हजर हवा, आणि त्याचा खर्च आपण सोसावयाचा. महामारीमुळे २०२० व २०२१ मध्ये निरीक्षक येऊ शकले नाहीत. निर्यात बंद पडली, ती २०२२ मध्ये सुरू झाली. चूक नेहमी परक्याचीच असते असे मात्र नव्हे. १ मे २०१४ पासून युरोपने आपला आंबा थांबविला, कारण मालात फळमाशी सापडली होती. आपण तपासणी सुधारली, तेव्हा २०१५ मध्ये ती बंदी उठली.

मे २०२५ ची गोष्ट निराळी. नवी मुंबईत किरणे दिलेल्या आंब्याचे सुमारे १५ लॉट अमेरिकेने विमानतळावर नाकारले. ठपका कागदावर होता. ‘पीपीक्यू २०३’ हा दाखला चुकीचा भरला म्हणून. तो दाखला देण्याचा अधिकार तर त्यांच्याच निरीक्षकाचा! परत आणण्याचा खर्च परवडेना, म्हणून व्यापाऱ्यांनी आंबा तेथेच नष्ट होऊ दिला. सुमारे पाच लाख डॉलरांचे नुकसान त्यांनी सांगितले.

ही गोष्ट वाचली तेव्हा आम्हाला गिरण्या आठवल्या. कापडात खोट निघाली की विणकराच्या पगारातून पैसे कापून घेत. खोट सुताची की साच्याची, हे त्याला कोणी विचारीत नसे. संघटनेने आवाज उठविला. पुढे १९३६ च्या वेतन कायद्याने नुकसानभरपाई कापण्याआधी कामगाराचे म्हणणे ऐकणे मालकावर बंधनकारक केले. खोट तपासूच नका, असे कामगार कधी म्हणाला नाही. आमचे ऐका, एवढेच तो म्हणाला.

आंब्याच्या बाबतीतही मागणी हीच असावी. १९९५ पासून लागू झालेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या करारात, कीड व रोग यांच्या नावाने घातलेले निर्बंध शास्त्राधारे असावेत, असे मान्य झालेले आहे. मग कागदातील चूक दुरुस्त करण्यास मुदत का नसावी? पेटी अडली की व्यापारी पुढच्या हंगामाची वाट पाहू शकतो. आंबा निवडणाऱ्या बाईचा रोज त्याच दिवशी बुडतो. दाखल्याच्या अटी ठरविताना बागाईतदाराबरोबर तिचाही माणूस त्या बैठकीत बसावा, इतकेच आमचे म्हणणे आहे.