इनाम कमिशनची चौकशी

जमिनीचा सारा सर्वांनी द्यावा, हा नियम जितका जुना, तितकाच काहींनी तो देऊ नये हा अपवादही जुना आहे. मराठेशाहीत या अपवादाला इनाम म्हणत. देवळाची दिवाबत्ती, मशिदीची खिदमत, विद्वानांचा योगक्षेम, रणात पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांचे पोषण, अशा नाना कारणांनी राज्यकर्ते साऱ्यावरचा आपला हक्क सोडून देत. काही जमिनी पूर्ण माफीच्या असत, तर काहींवर जुडी नावाचा हलका कर असे. दान वंशपरंपरेचे असेल, तर सनदेत तसे स्पष्ट लिहिले जाई.

१८१८ साली पेशवाईचा अंत झाला. जुनी वतने व इनामे राखली जातील, असे एल्फिन्स्टनने त्याच वर्षी जाहीरनाम्याने सांगितले. परंतु पुढे कंपनी सरकारची दृष्टी बदलली. माफीच्या जमिनींमुळे वसुलाचा मोठा भाग बुडतो आणि पुष्कळ सनदा खोट्या आहेत, अशी तक्रार अधिकारी करू लागले. ती सर्वस्वी निराधार होती असेही नाही. १८४३ मध्ये दक्षिण मराठा मुलुखात चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला पूर्ण अधिकार मिळाले.

या कायद्याचे नियम वाचताना प्रश्न केवळ कराचा नव्हता, हे ध्यानात येते. अधिकृत सनद सापडली, तर गोष्ट निराळी. ती नसल्यास कालावधी मोजला जाई. इंग्रजी अंमलापूर्वी सलग ६० वर्षे माफी चालली असून जमीन मूळ इनामदाराच्या नातवाकडे किंवा त्याच्या पुरुष वंशजाकडे असेल, तर त्या घराण्याचा औरस पुरुष वंश चालेपर्यंत माफी टिके. वहिवाट ४० वर्षांचीच असेल, तर सवलतही तोकडी. विधवा, मुलगी आणि दत्तक पुत्र यांचे काय, या प्रश्नाला या शब्दांत समाधानकारक उत्तर नव्हते. शिवाय कमिशनच्या निर्णयाविरुद्ध दिवाणी न्यायालयात दाद मागता येत नसे. आगीत, लुटीत किंवा वाळवीने ज्याचे कागद गेले, त्याच्यावरच आपला हक्क सिद्ध करण्याचा भार पडला.

असंतोष वाढत गेला. १८५६ मध्ये याच खात्यात लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख सहायक इनाम कमिशनर म्हणून नेमले गेले. आपल्याच लोकांच्या सनदा तपासण्याचे अवघड काम सुशिक्षित मराठी माणसाच्या वाट्याला आले. १८५८ च्या मे महिन्यात नरगुंदच्या संस्थानिकाच्या माणसांनी पोलिटिकल एजंट मॅन्सन याला ठार केले. दत्तकाला नकार हे त्या उठावाचे मुख्य कारण मानले जाते. पण मॅन्सन पूर्वी इनाम कमिशनचा अधिकारी होता, हेही लोक विसरले नव्हते.

सरकारने धडा घेतला. १८६३ च्या दुसऱ्या व सातव्या कायद्यांनी ठोक तडजोडीचा मार्ग काढला. इनामदाराने ठराविक वार्षिक रक्कम देण्याचे मान्य केले, की सनदेचा काथ्याकूट थांबे आणि जमीन वारसाहक्काने चालणारी व हस्तांतर करता येण्याजोगी मालमत्ता ठरे. थोडा कर देऊन निश्चिंती मिळविणे पुष्कळांना पत्करले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५२ चा व्यक्तिगत इनाम निर्मूलन कायदा केला आणि १९५३ पासून अशा इनामांची साऱ्याची माफी संपली. देवस्थान इनामे या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली.

या चौकशीचे एक फळ मात्र कोणी योजिले नव्हते. दावे तपासण्यासाठी पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी रुमाल उघडले गेले, लावले गेले, त्यांच्या याद्या झाल्या. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पुढे, १९३० नंतर, याच दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. इनामदाराची माफी ज्या कागदाने राखली किंवा बुडविली, तोच कागद आज त्याच्या गावाचा, पिकांचा आणि माणसांचा इतिहास सांगतो. जुन्या घरातील एखादी जीर्ण सनद निरुपयोगी म्हणून टाकून देण्यापूर्वी आपण एवढे आठवावे.